काका, मासा आजारी नाहीये

दांडिया बाजारच्या काका, नमस्कार. मासे नराचे मादी कसे होतात यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. नर मासा मादी होतो हे निसर्गात होतच नाही, कारखान्यांचं पाणी नि औषधं नदीत जातात त्याचा हा परिणाम, आणि मी बिघाडाला नैसर्गिक म्हणतेय, तेही सरकारी स्टायपेंडवर, असं तुमचं म्हणणं.

प्रदूषणाचं तुम्ही म्हणता ते खोटं नाहीये. इंग्लंडच्या नद्यांमध्ये सांडपाण्यातल्या इस्ट्रोजेनमुळे (मादीच्या हार्मोनमुळे) नर रोच माशांच्या वृषणात अंड्यांच्या पेशी सापडल्या आहेत आणि असे नर प्रजननात मागे पडतात. तो बिघाडच. पण माझी पीएचडी क्लाऊनफिश या समुद्री माशावर आहे आणि तिथलं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. हे मासे ज्यात राहतात त्या एका ॲनिमोनीत (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) एक मोठी मादी, तिच्याखालोखाल तिचा नर, बाकी सगळे छोटे, अजून प्रजनन न करणारे मासे, मादी मेली की तोच नर मादी होतो आणि त्या छोट्यांतला सगळ्यात मोठा नर बनतो. स्वच्छ पाण्यातही हेच.

मी पहिल्यांदा नराच्या जननग्रंथीची स्लाईड मायक्रोस्कोपखाली धरली तेव्हा कडेला वृषणाचा भाग होता आणि बरोबर मधे जांभळ्या रंगात गोल गोल कच्च्या अंडपेशी, म्हणजे मादी व्हायची तयारी त्याच्या अंगात आधीपासूनच होती! किती वेळ डोळा काढला नाही मी. आणि बदल आधी वागण्यात दिसतो, ग्रंथी मागून बदलते. ब्लूहेड रास नावाचा मासा उलट, मादीचा नर होतो, १९९६ साली गॉडविन, क्रूज आणि वॉर्नर यांनी काही माद्यांचे अंडाशय काढून टाकले आणि मग कळपातले मोठे नर हटवले, तरी त्या माद्या नरासारख्या वागायला लागल्या. सुरुवात मेंदूतून होते ती अशी.

आणि नर-मादी जन्मालाच पक्कं ठरतं असं म्हणाल तर आपल्या वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी बघा ना, अंडी २८ ते ३१ अंशांत उबली तर माद्याच, ३२.५ च्या आसपास नर. त्याला कोणी बिघाड म्हणत नाही.

आता पैशाचं. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी, म्हणजे जाळ्यात फक्त मोठे मासे उचलले की अंडी घालणाऱ्याच गेल्या. हेकरूत (ग्रूपर माशात) उलट, मोठे म्हणजे नर, ते गेले की नरांचा तुटवडा. किती मोठा मासा पकडायचा हे ठरवताना हे माहीत नसेल तर नुकसान कोळ्यांचंच होतं, म्हणून हा खर्च वाया जात नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

एक मात्र तुमचं बरोबर आहे, मूळ लेखात मी ‘चमत्कार’ लिहिलं होतं, ते नको होतं, आत्ताच काढते.