ग्राहक घरी नव्हते

पार्सल उशिरा येतं याबद्दल माझी तक्रार नाही. उशिराची सवय असते माणसाला. लग्नं उशिरा लागतात, गाड्या उशिरा येतात, अक्कल तर बऱ्याच जणांना फारच उशिरा येते; मग एकट्या पार्सलनेच काय घोडं मारलंय? माझं भांडण आहे ते पार्सलच्या बातम्यांशी. वस्तू येत नाही ती नाहीच, वर तिच्याबद्दल दिवसभर जे काही कळवत राहतात, त्याने जीव मेटाकुटीला येतो.

मागवलं होतं मिक्सरचं कपलर. भांड्याच्या बुडाशी काळं, दातेरी चाक असतं ना, ते. त्याचे दाते झिजले की मोटर नुसती बोंबलते आणि भांड्यातलं पातं ढिम्म हलत नाही. मुठीत मावेल एवढी वस्तू. दुकानात नेमक्या मापाचं मिळेना, म्हणून ऑनलाइन मागवलं. लगेच मेसेज आला, "अभिनंदन! तुमची ऑर्डर कन्फर्म झाली आहे." पैसे माझे गेले आणि अभिनंदनही माझंच! पुढे "पॅक झाली", "निघाली", "तुमच्या शहरात पोहोचली" असे टप्पे येत गेले. मुलगी सासरहून निघाल्यापासून आई जितके फोन करत नसेल, तितके मेसेज त्या कपलरने केले.

आणि मग तो दिवस उगवला. "तुमचं पार्सल आज येत आहे. सकाळी सात ते रात्री नऊ."

सात ते नऊ ही वेळ नव्हे, ही स्थानबद्धता आहे. या चौदा तासांत सभ्य माणसाने काय करावं याचा कोणी विचार केलेला नाही. आंघोळ करायची तर मोबाईल साबणाशेजारी ठेवून, नळ बारीक सोडून, एक कान बेलकडे लावून करावी लागते. डोक्यावरून पाणी घेता येत नाही, कारण मग ऐकू येत नाही. दुपारी आडवं व्हायचं नाही. कचरा टाकायला खाली उतरायचं नाही. एरवी अनोळखी नंबर दिसला की मी फोन कापतो; त्या दिवशी मात्र प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलून, "हां बोला दादा, या, मी घरीच आहे," असं म्हणत होतो. पर्सनल लोन विकणाऱ्या एका मुलीशी मी इतक्या आपुलकीने बोललो की शेवटी तीच गोंधळली आणि "नंतर करते सर" म्हणून तिनेच फोन ठेवला. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

दुपारनंतर मी खुर्चीच दाराशी नेऊन टाकली. पाठ दाराला, तोंड घड्याळाला. आणि तशा त्या अवस्थेत मोबाईल टुणकन वाजला: "डिलिव्हरीचा प्रयत्न केला. ग्राहक घरी नव्हते."

मी दार उघडलं. जिन्यात कोणी नाही. लिफ्ट तळमजल्यावर निवांत. खाली जाऊन वॉचमनला विचारलं. त्याने वही उलटून दाखवली. सकाळपासून गॅसवाला आणि कोणाचे तरी पाहुणे, बस. "कोणीच आलं नाही साहेब," तो म्हणाला. आता यातून काय समजायचं? तिकडे सर्व्हर आहेत, उपग्रह आहेत, नकाशे आहेत, आणि ते सगळे मिळून सांगतायत की मी घरी नव्हतो. माझ्या बाजूने साक्षीदार एकच, तो म्हणजे मी, आणि माझी साक्ष नोंदवायला रकाना नाही. वर आल्यावर क्षणभर मी खरंच आत वळून खुर्चीकडे पाहिलं.

मग मदत मागायला ॲपमध्ये शिरलो. तिथे आधी यंत्र भेटतं. "नमस्कार! मी तुमची कशी मदत करू?" खाली चार चौकटी: पार्सल कुठे आहे, पत्ता बदला, ऑर्डर रद्द करा, इतर. 'मी घरी होतो' अशी चौकट नाही. 'इतर' दाबून मी हाताने लिहिलं, "मी घरी होतो." उत्तर आलं, "समजलं! तुम्हाला पत्ता बदलायचा आहे." मी पुन्हा लिहिलं, "नाही. मी घरीच होतो." उत्तर आलं, "धन्यवाद! आम्ही आनंदाने मदत केली." बऱ्याच खटपटीनंतर एक जिवंत माणूस फोनवर आला. आवाज फार गोड.

"सर, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. पण सिस्टीममध्ये दाखवतंय की आपण घरी नव्हता."

"अहो, मी घरूनच बोलतोय."

"हो सर. पण सिस्टीममध्ये तसं दाखवत नाही."

"मग सिस्टीममध्ये मी घरी कधी असेन?"

तो थांबला. कीबोर्डची टकटक ऐकू आली. "उद्या, सर."

दरम्यान कपलर हबमध्ये, म्हणजे पार्सलं गोळा करून निवडायच्या ठाण्यात, परत गेलं होतं. नकाशावर बघितलं तर हा हब शहराबाहेर, हमरस्त्याच्या कडेला. आणि गंमत अशी की ज्या विक्रेत्याने ते पाठवलं तो माझ्याच भागातला. म्हणजे पार्सल माझ्या घरावरून एकदा बाहेर गेलं, एकदा आत आलं आणि आता पुन्हा बाहेर गेलं. त्याने खिडकीतून मला पाहिलंही असेल. यावर चिडून उपयोग नाही, यामागे शास्त्र आहे. 17 एप्रिल 1973 च्या रात्री अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस कंपनीने 14 छोट्या विमानांनिशी 25 शहरांसाठी काम सुरू केलं. पद्धत अशी की पार्सल कुठलंही असो, कुठेही जाणारं असो, रात्री आधी मेम्फिस शहरात न्यायचं, तिथे निवडायचं आणि मग ज्याच्या त्याच्या गावी धाडायचं. ऐकायला उरफाटं वाटतं, पण हिशोब पक्का आहे: 25 शहरांना एकमेकांशी थेट जोडायचं तर 300 जोड्या सांभाळाव्या लागतात, मधे एक ठाणं टाकलं की 25 फेऱ्यांत भागतं. पहिल्या रात्री त्यांच्याकडे पार्सलं आली 186. आज जगभर हीच रीत आहे आणि त्यातूनच एवढा माल स्वस्तात हलतो, हे मला मान्य आहे. फक्त त्या 186 लोकांपैकी कोणाला "तुम्ही घरी नव्हता" असं कळवलं गेलं होतं का, एवढं समजायला हवं होतं.

अडचण लांबच्या प्रवासाची कधीच नव्हती. समुद्र ओलांडून वस्तू येतात, विमानातून येतात, रात्रीतून हजार कोस कापतात आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यांचा दम संपतो. याचा सगळ्यात भारी दाखला पुन्हा अमेरिकेतच घडला. 8 जून 1959 रोजी तिथल्या टपाल खात्याने आणि नौदलाने मिळून क्षेपणास्त्रातून टपाल पाठवलं. थट्टा नाही. 'बार्बेरो' नावाच्या पाणबुडीवरून 'रेग्युलस' क्षेपणास्त्र सोडलं. अण्वस्त्राच्या जागी त्यात टपालाचे डबे आणि डब्यांत 3000 पत्रं. 22 मिनिटांत ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मेपोर्टच्या नौदल तळावर उतरलं. टपाल खात्याचे प्रमुख आर्थर समरफिल्ड जातीने हजर होते आणि माणूस चंद्रावर जायच्या आत क्षेपणास्त्रांनी टपाल पोहोचवू, अशा गोष्टी बोलत होते. पुढे काय झालं? ती पत्रं जॅक्सनव्हिलच्या टपाल कचेरीत नेली, निवडली आणि नेहमीच्या टपालाने ज्याच्या त्याच्या घरी रवाना केली. क्षेपणास्त्र होतं किनाऱ्यापर्यंत. दारापर्यंत पोस्टमनच.

याच खात्याने 1914 साली आयडाहो राज्यात पाच वर्षांची एक मुलगी पार्सल म्हणून आजीकडे पोचती केली होती. तिच्या कोटाला तिकिटं चिकटवली आणि आगगाडीच्या टपालडब्यात नातेवाइकाच्या नजरेखाली बसवली. तीही वेळेवर पोचली. शंभरावर वर्षं झाली या गोष्टीला, आणि माझं कपलर येईना. त्याला रडता येत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. मी अक्षरशः झेपावलो. दारात घामेजलेला पोरगा, पाठीवर स्वतःहून मोठी बॅग, हातात तडा गेलेला मोबाईल. "काका, हे वरच्या मजल्यावरचं आहे, त्यांचं दार बंद आहे. ठेवून घ्याल का?"

"आणि माझं?"

त्याने यादी बोटाने खाली, खाली, आणखी खाली सरकवली. "तुमचं माझ्याकडे नाही काका. दुसऱ्या गाडीत असेल."

मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "हे 'घरी नव्हते' प्रकरण काय असतं रे?" तो हसला. मग त्याने मला तो पडदाच दाखवला. पार्सल देता आलं नाही तर कारण निवडावं लागतं: ग्राहक घरी नाही, ग्राहकाने नाकारलं, पत्ता चुकीचा, फोन लागत नाही. संपलं. "रात्र झाली, बॅटरी संपली, अजून गाडीभर माल शिल्लक आहे, यासाठी बटणच नाही काका," तो म्हणाला. "आणि कारण टाकल्याशिवाय दिवस बंद होत नाही. मग घरी जायच्या आधी उरलेल्या सगळ्यांना 'घरी नाही' करायचं." "पण मला दुपारीच केलंत." "मग तुमच्या गाडीवाल्याला दुपारीच कळलं असेल."

माझा अर्धा राग तिथेच उतरला. म्हणजे खरं सांगायची सोय मला नाही तशी त्यालाही नाही. त्याला चार बटणं, मला चार चौकटी, आणि खरी गोष्ट दोघांच्याही यादीत नाही. उरलेला अर्धा राग ज्याने ती बटणं बनवली त्याच्यासाठी मी राखून ठेवलाय. तो एसी ऑफिसात बसत असेल आणि त्याची पार्सलं बहुधा ऑफिसातच येत असतील. वीस घरं कोणत्या क्रमाने घ्यायची याचे जे पर्याय होतात ते 24 हजार कोटी कोटींच्या वर जातात. गणित मांडून पाहावं, खोटं नाही. त्यातून बरा रस्ता शोधून काढणारं डोकं आहे यांच्याकडे. 'आज जमलं नाही, माफ करा' एवढं एक बटण बसवायला डोकं चालत नाही.

तो पोरगा गेला, पण जाताना बहुतेक बिरादरीत निरोप देऊन गेला असावा. कारण त्यानंतर जो येईल तो माझीच बेल वाजवू लागला. "काका, तुम्ही घरीच असता ना?" ज्या माणसाबद्दल ॲप म्हणतं की तो घरी सापडतच नाही, तोच अख्ख्या इमारतीत हमखास घरी सापडणारा एकमेव माणूस म्हणून कुरिअरवाल्यांत प्रसिद्ध झाला. हॉलमध्ये खोक्यांची चळत लागली. समोरच्यांचं एक खोकं तर टीव्हीएवढं; उचललं तर वजन काहीच नाही, हलवलं तर आत कोपऱ्यात काहीतरी टिकटिक वाजत फिरतं. हवेचं सुद्धा भाडं लागतं, बरं का! बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येईल ते खऱ्या वजनापेक्षा जास्त असलं की तेच किलो धरून पैसे घेतात. तरीही पेनापुरती वस्तू पेटाऱ्यात घालायची हौस कोणाची भागत नाही. मी ओटीपी सांगतो, सह्या करतो, फोन करून लोकांना कळवतो, "तुमचं आलंय, घेऊन जा." कोणी पार्सल न्यायला येतं आणि "तुमचा मिक्सर अजून बंदच का?" म्हणून विचारतं.

शेवटी एकदाचा मेसेज आला: "तुमचं पार्सल यशस्वीरीत्या पोहोचवलं आहे. स्वीकारणारे: शेजारी." सोबत फोटो. फोटोत अर्धं पायपुसणं, एक चप्पल आणि माझ्या नावाचं खोकं. पायपुसणं ओळखीचं होतं. समोरच्यांचं. मी घरात, दारापासून दहा पावलांवर, त्यांच्याच पार्सलवर पाय टेकून बसलेलो असताना त्यांनी माझं पार्सल समोरच्या दारी दिलं होतं.

समोर जाऊन बेल दाबली. कुलूप. वहिनींना फोन लावला. मागे गाडीचा आवाज, पोरांचा गोंधळ.

"अय्या, ते तुमचं होतं का? आम्ही निघता निघता तो मुलगा आला, नाव पण नाही बघितलं, गडबडीत डिकीत टाकलं बघा. बॅगांच्या खाली आहे, एकदम नीट आहे. रविवारी रात्री परत येतोय, आल्या आल्या देते," वहिनी म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या कपलरबद्दल मला मिळालेली ही पहिली खरी बातमी. मी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि भाऊजी, तोवर आमची अजून दोन-चार पार्सलं यायचीत. तुम्ही असालच ना घरी?"