लाईट-पाणी धरून

घर भाड्याने घेताना आमचे हे आधी पार्किंग बघतात, सासूबाई देवघराची दिशा बघतात. मी जाहिरातीतला एकच शब्द बघितला आणि भाळले. ‘धरून’. इंदिरानगर, दुसरा मजला, टू बीएचके, पंधरा हजार, लाईट-पाणी-मेंटेनन्स धरून.

आधीच्या घरात युनिटचा हिशोब करण्यात माझी वही भरली होती. शंभर युनिटच्या पुढे गेलं की दर चढतो, म्हणून महिनाअखेरीला मी गिझरवर पाळत ठेवायचे. कोणी दहा मिनिटांच्या वर अंघोळीला लागलं की बाहेरून कडी वाजवायचे. आता ते सगळं मालकाच्या गळ्यात. पहिल्याच आठवड्यात मी इस्त्रीवाल्याला रजा दिली. सासूबाईंनी माळ्यावरून जुनी विजेची शेगडी काढली, नाशिकच्या थंडीत पाय शेकायला. मुलगा म्हणाला, “आई, पंखा आणि गिझर एकदम लावू?” मी म्हटलं, “लाव रे, भाड्यात धरलंय.”

त्या ‘धरून’मध्ये कोण कोणाला धरणार आहे, तेवढं मात्र जाहिरातीत नव्हतं.

आमचे घरमालक अण्णा पिंपळगाव बसवंतचे द्राक्षबागायतदार. देवमाणूस. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. पुढचा सगळा घोळ त्यांच्या चांगुलपणामुळेच झाला. जानेवारीत किल्ल्या द्यायला आले तेव्हा हातात किल्ल्या कमी आणि द्राक्षं जास्त होती. पाच किलोची पेटी टेबलावर ठेवून म्हणाले, “ताई, घर तुमचंच समजा. काही लागलं तर आपल्याला फोन करायचा.” गुढीपाडव्याला त्यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या, सोबत कटाची आमटी, आणि आमटीचा डबा परत मागितला नाही. ज्या माणसाचा डबा आपल्या ओट्यावर आहे त्याला कडक शब्दांत काही सांगायला जीभच उचलत नाही.

मार्चपर्यंत बिलं वेळेवर भरली गेली. एप्रिलमध्ये लेटरबॉक्समधल्या बिलावर ‘थकबाकी’ हा शब्द पहिल्यांदा दिसला. फोन केला. अण्णा म्हणाले, “ताई, खरड छाटणी चालू आहे हो. सगळा पैसा मजुरीत गेला. झाली की भरतो.” छाटणी झाली. मग व्यापाऱ्याकडून मार्चच्या मालाचे पैसे यायचे होते. ते येईपर्यंत पाऊस आला. पावसात काडी पिकत नाही, फवारण्या वाढतात. मग डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आला. मी मराठीची शिक्षिका, द्राक्षाशी माझा संबंध खाण्यापुरता. पण त्या सहा महिन्यांत मला डिपिंग (घड औषधात बुडवणं) कधी करतात, घडकूज कशाने होते आणि कोणता व्यापारी कोणाचे पैसे बुडवून पळाला हे सगळं पाठ झालं. एकदा स्टाफरूममध्ये ढगाळ हवा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे देवा, आता डाऊनी वाढणार.” सगळ्यांना वाटलं आम्ही निफाडला बाग घेतली.

नाशिककर गोदावरीचा पूर फुटांत मोजत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आमची थकबाकीही मी तशीच मोजायला लागले. जूनला गुडघ्याला होती. जुलैत अण्णांनी अर्धं बिल भरलं आणि पूर घोट्यापर्यंत ओसरला. ऑगस्टला कंबर. सप्टेंबरला छाती. आमचे हे रोज विचारायचे, “आज कुठवर आलं?” त्यांना गंमत वाटत होती, कारण ते अंबडच्या कंपनीत रात्रपाळीला असतात. अंधार झालाच तर तो आमच्या वाट्याला.

बिलावर अण्णांचं नाव नव्हतं. त्यांच्या वडिलांचं होतं, आणि त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. वीज वापरणारे आम्ही, पैसे द्यायचे अण्णांनी आणि ग्राहक स्वर्गात. सप्टेंबरअखेरीस नोटीस आली तीही त्यांनाच. विद्युत कायदा 2003, कलम 56. पैसे थकले तर वीज तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती रीतसर दिलेली होती. सासूबाईंनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, “पितृपक्षातच आली गं. बरोबर पत्त्यावर आली.”

मी नोटिशीचा फोटो अण्णांना पाठवला. उत्तर आलं, “गोडी छाटणी झाली की लगेच.” गोडी छाटणी ऑक्टोबरमधली. तिच्या नावातही गोडी आणि अण्णांच्या बोलण्यातही गोडी. पंधरा दिवस तेवढे कडू निघाले.

लाईट कापली कोजागरीच्या दिवशी.

शाळेतून आले तर पंखा लागेना. वाटलं गेली असेल, येईल. तेवढ्यात शेजारच्या टीव्हीवर मालिकेतली सासू ओरडली. म्हणजे फक्त आमचीच गेली होती. वॉचमन म्हणाला, “मॅडम, दुपारी वायरमन आले होते. तुमच्या मीटरची वायर सोडून गेले.” मी धावत खाली गेले तर वायरमन पुढच्या बिल्डिंगमध्ये सापडला. बिचारा नम्र होता. “ताई, घाबरू नका, अजून टीडीच आहे.”

“म्हणजे?”

“तात्पुरती तोडलीय. पैसे नाही आले तर मग पीडी. म्हणजे कायमची.”

सासूबाईंना वरच्या गॅलरीतून ‘पीडा’ एवढंच ऐकू आलं. त्यांनी लगेच मारुतीपुढे निरांजन लावलं. नाहीतरी दिवा लावायचाच होता, त्या निमित्ताने हॉलमध्ये उजेड झाला.

रात्री गच्चीवर सोसायटीची कोजागरी. केशर घातलेलं दूध मी मेणबत्तीच्या उजेडात आटवलं आणि त्यात नेमकं किती केशर पडलं हे आजतागायत कोणाला माहीत नाही. समोरच्या काकूंनी गच्चीवरून खाली बघितलं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये आमचा एकच फ्लॅट काळोखात. “बघा, कोजागरी म्हणावी तर अशी. आम्ही सगळे लाईट लावून चंद्र बघतोय. तुमचं बाई किती छान!” मी हसले. त्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत आली असेल तर मी जागीच होते. उकाडा आणि डास, दुसरं काय करणार?

सकाळी भावाला फोन लावला. माझा धाकटा भाऊ वकील आहे. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात त्याचा अर्धा दिवस तारखेची वाट बघण्यात जातो आणि उरलेला अर्धा चहात. म्हटलं, “कायदा सांग. मला आज कायदा पाहिजे.”

तो खूश झाला. नातेवाईक त्याला एरवी फक्त सातबाऱ्याविषयी विचारतात. म्हणाला, “ताई, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सेवा मालकाला तोडता येत नाहीत. आणि मजा ऐक. मालकाच्या कृतीमुळे किंवा हलगर्जीमुळे दुसऱ्या कोणी पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच रोखला असं धरतात. कोर्टात अर्ज केला की पुरवठा सुरू करण्याचा अंतरिम आदेशही मागता येतो.”

माझ्या डोळ्यांसमोर अण्णा कोर्टात उभे राहिले. हातात पेटी.

“पण,” भाऊ म्हणाला. वकिलाच्या ‘पण’ला वेगळी फी असते. “ते कलम भाडेकरूसाठी आहे. तू भाडेकरू आहेस का?”

“दर पाच तारखेला पंधरा हजार देते ते काय ओवाळणी म्हणून?”

“तुझा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे ना? म्हणजे तू लायसन्सी. तू देतेस ते कायद्याने भाडं नाही, लायसन्स फी. समोरचा वकील पहिली अर्धी सुनावणी त्यावरच खाईल.”

दहा महिने मी स्वतःला भाडेकरू समजत होते. अंधारात बसल्यावर माणसाला स्वतःची ओळख नव्याने होते म्हणतात, ती अशी.

मग मी म्हटलं, सरळ बिल भरते आणि भाड्यातून कापून घेते. तो म्हणाला, “कलम 14 मध्ये तशी सोय आहे, पण ती घराच्या दुरुस्तीची. मालकाला पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, तरी त्याने केली नाही तर आपण करून घ्यायची आणि भाड्यातून वळती करायची. तीही वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. वीजबिल म्हणजे दुरुस्ती नव्हे. परस्पर कापलंस तर उद्या अण्णा म्हणतील, ताईंनीच भाडं थकवलं. त्यांचं ‘हो’ लेखी घे. चार अक्षरं चालतील.”

“आणि माझ्या नावाने नवीन मीटर घेतलं तर?”

“मागता येतं. विद्युत कायद्याचं कलम 43 मालक किंवा ताबा असलेला, दोघांनाही वीज मागायचा हक्क देतं. मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून वीज नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलंय. पण या जागेवर जुनी थकबाकी आहे, ती आधी समोर येऊन उभी राहील. शिवाय मीटर येईपर्यंत तू काय करणार?”

खरंय. मुलाची सहामाही परीक्षा चालू होती आणि तो जिन्यातल्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसला होता. येणारा-जाणारा त्याचं कौतुक करत होता. थोर माणसं अशीच शिकली, वगैरे. त्यात खालच्या मजल्यावर चेअरमननी फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं, ‘मेंटेनन्स थकबाकीदार: फ्लॅट नं. 9’. मालकाचं नाव कुठेच नाही. नऊ नंबर म्हणजे आम्ही. दूधवाल्याने त्या दिवसापासून रोजचे पैसे रोज मागायला सुरुवात केली.

मी अण्णांना मेसेज केला. शाळेत निबंध तपासणारी बाई मी, मुद्दा सोडला नाही. “अण्णा, एकूण थकबाकी अकरा हजार चारशे साठ. पुनर्जोडणीचे पैसे वेगळे. मी आज भरते आणि पुढच्या भाड्यातून वळते करते. मान्य असल्यास कळवावे.”

दोन निळ्या खुणा झाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग अण्णांनी एक अंगठा पाठवला.

भावाला विचारलं, “नुसता अंगठा आलाय रे. चालेल?”

“ताई, आपल्याकडे अंगठा कधीपासून सही म्हणून चालतोय! स्क्रीनशॉट काढून ठेव.”

बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मोबाईलमध्ये टाकला की कोणीही कोणाचंही बिल भरू शकतं. स्क्रीनवर अण्णांच्या वडिलांचं नाव आलं. चौदा वर्षांनी कोणीतरी त्यांच्या नावाने काहीतरी सोडत होतं. मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि पैसे पाठवले. पावती वायरमनला दाखवली आणि संध्याकाळी फ्रिज घुर्रर्र करून बोलला. इतका गोड आवाज मी कुठल्या मैफिलीत ऐकलेला नाही.

नोव्हेंबरमध्ये करार संपला. नवीन करारात मी भावाकडून कलम घालून घेतलं. वीजबिल आणि मेंटेनन्स लायसन्सीने परस्पर भरायचे आणि पावत्यांप्रमाणे फीमधून वळते करायचे. त्याने नोंदणीचंही सांगितलं. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ते बघायची जबाबदारी मालकाची. ती मीच पार पाडली. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. माझा अंगठा उमटला, ह्यांचा उमटला. अण्णांचा काही केल्या उमटेना. चाळीस वर्षं छाटणीची कात्री धरून रेषाच झिजल्या होत्या. एजंटने अंगठा पुसला, फुंकला, तेल लावलं. अण्णा हसून म्हणाले, “मोबाईलवर कसा पटकन उमटतो, नाही का ताई?”

अखेर तर्जनी चालली. जाताना पेटी ठेवली. मोसमाच्या आधीची होती, जरा आंबट.

परवा त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. “ताई, एक विचारायचं होतं. ते मोबाईलवरून बिल भरणं तुम्हाला चांगलं जमतं हो. आपलं पाथर्डी फाट्याला एक घर आहे आणि सिडकोत एक. तिथल्या भाडेकरूंचे सारखे फोन येतात. नंबर पाठवतो. तेवढी भरून टाका, सगळं भाड्यात वळतं करू.”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. समोर ओट्यावर कटाच्या आमटीचा डबा होता.

बारा-बारा आकडी दोन नंबर आले. टाकून बघितले. दोन्हींवर नाव तेच, अण्णांच्या वडिलांचं. दोन्हींची बेरीज एकोणीस हजार दोनशे, आणि माझं भाडं पंधरा हजार.

खाली अण्णांनी आधीच अंगठा पाठवून ठेवला होता.