सर्व्हरचा चहा

रोज सकाळी साडेनऊला विक्रीचा अहवाल साहेबांना मेलने गेला पाहिजे, असे ठरल्यापासून डोंबिवलीच्या गर्दीत एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून मी अहवाल पाठवत असे. तेव्हा ऑफिसातला एक जाणकार म्हणाला, "अरे, क्रॉनला सांग की! तो दर मिनिटाला उठून यादी बघतो." क्रॉन म्हणजे सर्व्हरवरचा, यादीतली कामे ठरल्या वेळी आपोआप उरकणारा प्रोग्राम. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशा पाच खणांत वेळ लिहायची, न लागणाऱ्या खणात तारका टाकायची आणि पुढे आज्ञा लिहायची, एवढेच काम होते. मी '३० ९ * * *' असे लिहिले आणि त्या रात्री निर्धास्त झोपलो.

अहवाल दुपारी तीनला पोहोचला. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो आणि आपण त्याच्यापुढे साडेपाच तास आहोत, हे मला साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहून कळले. वास्तविक हे मुंबईकराला नवे असू नये. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ आली, तरी या शहराने आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. सर्व्हरही तसाच हट्टी निघाला, म्हणून मीच नमते घेऊन '० ४' लिहिले.

दुसऱ्या दिवशी अहवाल गेलाच नाही. हाताने चालवली की आज्ञा मुकाट चालत होती आणि क्रॉनकडे सोपवली की मुकाट बसत होती. त्या रात्री दोन वाजता बायको म्हणाली, "अहो, ते आपोआप होणार होतं ना? मग तुम्ही का जागे?" दोष फाइलच्या नावात होता. त्यात तारीख यावी म्हणून मी टक्क्याचे चिन्ह वापरले होते आणि क्रॉनच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ओळ संपली. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. क्रॉन याची तक्रार रोज इमाने इतबारे करत होता, परंतु सर्व्हरवरच्याच एका टपालपेटीत, आणि ती पेटी उघडायची असते हे मला पुढे पंधरा दिवसांनी समजले.

त्यानंतर चार महिने सुखाचे गेले. मग एकदा यादी दुरुस्त करायला बसलो आणि ही यादी उघडणाऱ्या 'क्रॉनटॅब' या आज्ञेपुढे 'ई'ऐवजी शेजारचे 'आर' हे बटण दाबले गेले. 'ई' म्हणजे संपादन, 'आर' म्हणजे संपूर्ण यादी नष्ट. लोकलमध्ये चौथी सीट मागणारासुद्धा आधी "जरा सरका" म्हणतो. याने एका शब्दाने विचारले नाही. अकरा ओळी मी आठवून आठवून पुन्हा लिहिल्या आणि त्यांची एक प्रत घरच्या वहीत पेनाने उतरवून ठेवली.

त्या धक्क्यानंतर, मधूनमधून उठावे असे वाटून, एकदाच चालायच्या कामांसाठी असलेली 'ॲट' ही आज्ञा हाती घेतली. तिला वेळेच्या जागी 'टीटाइम' हा शब्दही चालतो आणि त्याचा अर्थ ती दुपारचे चार असा घेते. एवढे समंजस यंत्र मी पाहिले नव्हते. 'उठा, चहा घ्या' असा निरोप मोबाइलवर यावा, अशी व्यवस्था मी त्याच दुपारी मोठ्या कौतुकाने केली.

चार वाजले, सव्वाचार वाजले, टपरीवरची कटिंग संपली, तरी निरोप नाही. तो आला रात्री साडेनऊला, ताटात दुसऱ्यांदा भात पडत असताना. बायकोने मोबाइल उचलून निरोप वाचला आणि काही न बोलता गॅसवर आधण ठेवले.