ग्रिड 1 वर आणली म्हणून मॅप नेमका होत नाही

लेव्हल डिझाइन, म्हणजे व्हिडिओ गेममधल्या जागांचे मॅप बांधणं, शिकायला बसलं की कुणी ना कुणी हा सल्ला देतंच: ‘ग्रिड जितकी बारीक, तितका मॅप नेमका. सरळ 1 युनिटवर ठेव, अडलंच तर स्नॅप बंद कर. आजकाल दशांश चालतात. बारीक काम बारीक ब्रशनेच होतं.’ हॅमर, ट्रेंचब्रूम अशा ब्रशवाल्या एडिटरपुरतं तरी यातलं बरंचसं उलटं आहे. (ब्रश म्हणजे भिंत, खांब रचायचा ठोकळा; युनिट हे गेममधलं लांबीचं माप; ग्रिड 16 म्हणजे 16 युनिटांच्या चौकोनांची जाळी; स्नॅप म्हणजे कोपरे आपोआप त्या जाळीवर बसणं.)

आधी ‘नेमका’चं बघू. 128 युनिट रुंदीचा अष्टकोनी खांब घ्या. आठही बाजू सारख्या हव्या असतील तर प्रत्येक कोपरा मधल्या रेषेपासून 26.51 युनिटांवर पडला पाहिजे. ग्रिड 2 वर 26 मिळतात: सरळ बाजू 52, तिरकी सुमारे 53.7. ग्रिड 1 वर 27 घ्या: 54 आणि 52.3. चूक जवळपास तेवढीच, फक्त बाजू बदलली! मी तर बिनदिक्कत 24 घेतो. बाजू थोड्या विषम होतात खऱ्या, पण गोळ्या चुकवत खांबाआड पळणारा त्या मोजत बसत नाही. शिवाय 24 चे 12, 6, 3 होतात, त्यामुळे पायथा, कठडा, छताची पट्टी सगळं त्याच बिंदूंवर येऊन टेकतं.

‘दशांश चालतात’ हे अर्धसत्य. 0.5 किंवा 0.125 संगणकात तंतोतंत बसतात, 0.1 बसत नाही. पण खरी मेख वेगळीच आहे. 1996 च्या क्वेक या गेमपासून मॅप फाइलमध्ये ब्रशचे कोपरे लिहिलेलेच नसतात. प्रत्येक पृष्ठासाठी तीन बिंदू असतात, त्यांतून प्लेन (अमर्याद सपाट प्रतल) ठरतं, आणि प्लेन एकमेकांना छेदतील तिथे कोपरा. आता आठ बाजूंचं टोकदार छप्पर करा. टोक ठरायला तीन प्लेन पुरतात. उरलेली पाचही नेमकी तिथूनच गेली पाहिजेत. बिंदू पूर्णांकांवर असतील तर ती जातात. तेच छप्पर कसंही फिरवलं आणि दशांश कुठेतरी कापले गेले, की टोकाच्या जागी इवलीशी धार उगवते. तिथून पुढे चकाकणारे ठिपके, गायब झालेली पृष्ठं, सगळी वरात. क्वेकचे आजचे कंपायलर (मॅप फाइलचा खेळता येईल असा मॅप बनवणारे प्रोग्रॅम) हे पुष्कळ सांभाळून घेतात, हे मान्य. पण सांभाळून घेणं वेगळं आणि कोपरे जुळणं वेगळं.

लीकचं, म्हणजे मॅपच्या बाहेरच्या भिंतींत फट राहण्याचं, खापरही कंपायलरवर फोडलं जातं. 1 युनिटाची फट झूम आउट केल्यावर दिसतच नाही. ग्रिड 16 वर चुकलात तर फटही 16 ची पडते, ती डोळ्यांत खुपते.

राहिले बारीक ब्रश. पाइपचे क्लॅम्प, भिंतीवरच्या पट्ट्या जगाचा भाग म्हणून ठेवल्या की बीएसपीचे (कंपायलर जागेची जी विभागणी करतो तिचे) नाहक तुकडे पडतात आणि व्हिजिबिलिटीचा, म्हणजे कुठून काय दिसतं याचा, हिशेब लांबत जातो. सोर्समध्ये (हाफ-लाइफ 2 चं गेम इंजिन) त्यांना फंक डिटेल करा, म्हणजे ते या हिशेबातून वगळले जातात; त्याहून नाजूक असेल तर वेगळं बनवलेलं 3डी मॉडेल लावा. हाफ-लाइफ 2 मधला खेळाडू 18 युनिटांची पायरी आपोआप चढतो, पण छातीच्या उंचीवर 2 युनिट पुढे आलेल्या पट्टीला भिंत घासत जाताना अडकतो. तिच्यावर प्लेअर क्लिपचा (न दिसणारा, फक्त खेळाडूला अडवणारा) साधा ठोकळा टाका, तोही ग्रिड 8 वर.

दाराच्या चौकटीची खाच काढायला ग्रिड 1 लागतेच. खाच झाली की (हॅमरमध्ये) कंसाची कळ दाबून पुन्हा 16 वर या.