ग्रिमच्या सभेत वकीलही होते

जर्मन शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : जर्मनीतलं मूळ ‘गेर्मानिस्टिक’ हे भाषा-साहित्याचं शुद्ध शास्त्र होतं, १९७०नंतर अमेरिकेत विद्यार्थी मिळेनात, म्हणून इतिहास, राजकारण, सिनेमा कोंबून ‘जर्मन स्टडीज’ नावाची खिचडी शिजवली गेली, आणि तेव्हापासून या विषयात भाषेलाच जागा उरली नाही. मी पुण्यात जर्मन शिकले, आता शिकवते. माझ्याच विद्यार्थ्यांनी हे खरं मानून मला पाठवलं, म्हणून उत्तर देते आहे.

आधी शुद्धतेचं बघू. ‘गेर्मानिस्ट’ हा शब्द कायद्याच्या अभ्यासातून आला. रोमन कायदा अभ्यासणारे ते रोमानिस्ट आणि जर्मन रूढी-कायदा अभ्यासणारे ते गेर्मानिस्ट. सप्टेंबर १८४६मध्ये फ्रँकफर्टच्या नगरभवनात गेर्मानिस्टांची पहिली सभा भरली, तेव्हा तिथे कायदेपंडित, इतिहासकार आणि भाषा-अभ्यासक एकत्र बसले होते. अध्यक्ष होते याकोब ग्रिम, परीकथांमुळे घरोघरी माहीत असलेले. ते स्वतः मारबुर्गला कायदेपंडित साविन्यी यांच्याकडे कायदा शिकलेले. संस्कृतातला ‘पितृ’ आणि जर्मनमधला ‘फाटर’ यांच्यात ‘प’चा ‘फ’ होतो, हा ध्वनिबदलाचा नियम आपण त्यांच्या नावाने ओळखतो; त्याच माणसाने १८२८ साली जुन्या जर्मन कायद्याच्या चालीरीतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या सभेतलं त्यांचं एक भाषण तर या तीन शास्त्रांच्या परस्परसंबंधावरच होतं. विषयांमधल्या भिंती नंतर, विद्यापीठांत वेगवेगळे विभाग आणि अध्यासनं स्थिरावली तेव्हा उभ्या राहिल्या. म्हणजे मजकुरातला क्रमच उलटा आहे.

मात्र १८४६चा तो मोकळेपणा मला निरागस वाटत नाही. ‘लोक’ म्हणजे कोण, असा प्रश्न ग्रिम यांनी तिथे विचारला आणि एकच भाषा बोलणारी माणसं, असं उत्तर दिलं. जर्मनी-डेन्मार्क सीमेवरचं श्लेस्विग-होल्स्टाइन कोणाचं, हा वादही त्या सभेत होता. राष्ट्र घडवण्याची ओढ या विषयात जन्मापासून होती, आणि तिची पुढे काय किंमत पडली ते १० मे १९३३ला दिसलं. त्या रात्री बॉनमध्ये नाझींना नकोशा पुस्तकांची होळी झाली तेव्हा भाषण करणाऱ्यांत हान्स नाउमान होते. ग्योटिंगनला कुलगुरू फ्रीडरिश नॉयमान बोलले. दोघेही गेर्मानिस्ट, दोघेही मध्ययुगीन साहित्याचे जाणते. ग्रंथांचं ज्ञान त्यांना कमी नव्हतं.

म्हणून ‘इतिहास-राजकारण बाहेरून कोंबलं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. १९६६ साली म्युनिकला गेर्मानिस्टांचं अधिवेशन भरलं. त्याचा विषयच आपल्या शास्त्रातला आणि साहित्यातला राष्ट्रवाद हा होता. एबरहार्ड लेमर्ट, कार्ल ओटो कॉनराडी यांच्यासारख्या अभ्यासकांनी आपल्याच गुरुजनांच्या पिढीचा हिशेब जाहीरपणे मांडला. हे जर्मनीत घडलं, १९७०च्या आधी घडलं, आणि वर्ग भरण्यासाठी घडलं नाही. ते काम तेव्हा पुरं झालं असंही नाही. आखनच्या तंत्रविद्यापीठाचे माजी कुलगुरू, नामांकित गेर्मानिस्ट हान्स श्वेर्टे हे मुळात हान्स एर्न्स्ट श्नायडर नावाचे, नाझींच्या एसएस या दलातले अधिकारी होते, हे उघड झालं ते थेट १९९५ साली.

अमेरिकेबद्दलचं एक म्हणणं मान्य करायला हवं. १९७०च्या आसपास तिथल्या अनेक विद्यापीठांनी परकीय भाषेची सक्ती सैल केली, जर्मनचे वर्ग ओस पडू लागले आणि विभागांना नवा विचार करणं भाग पडलं. पण १९७६मध्ये जी संघटना उभी राहिली आणि पुढे ‘जर्मन स्टडीज असोसिएशन’ झाली, तिच्यात इतिहासकारही होते. दोन जर्मनी, बर्लिनची भिंत, ज्यूंचा संहार हे प्रश्न त्यांचे आधीपासूनचे होते. साहित्यवाल्यांनी रिकामे बाक भरायला त्यांना उसनं आणलं नव्हतं.

राहिला भाषेचा दावा. इथे मी माझ्या वर्गातलंच सांगते. एमिने सेवगी ओझदामार तुर्कस्तानात जन्मल्या, १९६५मध्ये पश्चिम बर्लिनला येऊन कारखान्यात कामाला लागल्या आणि पुढे जर्मनमध्ये लिहू लागल्या. जर्मन साहित्यातला मानाचा ब्युशनर पुरस्कार २०२२मध्ये त्यांना मिळाला. मातृभाषेला जर्मनमध्ये ‘मुटरश्प्राखे’ म्हणतात. ओझदामार ‘मुटरत्सुंगे’ लिहितात, म्हणजे आईची जीभ. कारण तुर्की भाषेत ‘दिल’ हा एकच शब्द जिभेलाही आहे आणि भाषेलाही. रुळलेला शब्द कानात पक्का बसला नसेल, तर इथे काही वेगळं झालं आहे हे कळतच नाही. आणि तुर्की बाई जर्मन कारखान्यात कशी पोचली हे समजायला पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यातला ऑक्टोबर १९६१चा मजूरभरतीचा करार उघडावा लागतो. गेल्या वर्षी या एका शब्दावर आमचा अख्खा तास गेला. एका मुलीने विचारलं, मग मराठीत ‘मायबोली’ म्हणतो त्यात जीभ आहे की बोलणं? पुढचा तास त्यावर झाला, तोही जर्मनमधून.