पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे गोळी नको?

सांगली-मिरजेकडच्या बायकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘गरोदरपणात पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर गेल्या तर घाबरू नका, ती बाळासाठी उभी राहिलेली फौज आहे. जंतू ती आपोआप मारते. अँटिबायोटिकने बाळात व्यंग येतं. हळदीचं दूध घ्या. अंगावरून पांढरं जात असेल तर पेशी वाया जातात.’ खाली हात जोडलेले. मी मिरजेत एका लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या बघते. चौघींनी तो मलाच पाठवला.

‘घाबरू नका’ एवढं बरोबर. गरोदरपणात हा आकडा ६,००० पासून १५-१६,००० पर्यंत सहज जातो, ऐन कळांमध्ये २५,००० च्याही वर. वाढतात त्या मुख्यतः न्यूट्रोफिल, जंतू गिळणाऱ्या पेशी. काचपट्टीवरच्या रक्ताला आम्ही देतो त्या लिशमन नावाच्या रंगात त्यांचं केंद्रक जांभळं, तीन-चार तुकड्यांत गाठी मारल्यासारखं दिसतं. पण त्या वाढतात हार्मोनमुळे आणि शरीरावरच्या ताणामुळे, जंतू असोत वा नसोत. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतरही आकडा चढतो. मग नुसत्या आकड्यावरून ‘फौज लढतेय’ कसं म्हणायचं?

आणि ‘आपोआप मारते’ हे तर घातकच. गरोदरपणात मूत्रनलिका सैल पडतात, वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं, लघवी तुंबते. तिथे इ. कोलाय नावाचा जंतू ठाण मांडतो. शंभरात दोन ते दहा जणींच्या लघवीत जंतू असतात आणि जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. तसेच सोडले तर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात. मग थंडी वाजून ताप, पाठीत कळ, कधी दिवस भरायच्या आधीच कळा. लघवीच्या रिपोर्टात ‘पस सेल’ लिहितात त्या याच पांढऱ्या पेशी. म्हणजे फौज तिथे पोचलेली असते, तरी जंतू असतातच.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर टेट्रासायक्लिन गटातली औषधं गरोदरपणात टाळतात, बाळाच्या दातांवर डाग पडतात म्हणून. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन मात्र वर्षानुवर्षं देतात. सगळ्यांना एकाच काठीने हाणायचं कारण नाही. दुकानातून मनाने घेणं चूक, डॉक्टरांनी लिहिलेला कोर्स मधेच सोडणंही तेवढंच.

हळदीबद्दल सांगलीत बोलायचं म्हणजे धाडसच! दूध खुशाल प्या. लघवीतला जंतू त्याने जात नाही.

अंगावरून पांढरं जाणं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांच्यात नावापुरतं साम्य. तो योनीतला स्राव, गरोदरपणात वाढतोच. त्यातून रक्तातल्या पेशी गळून कमी होत नाहीत. खाज, घाण वास किंवा हिरवट रंग असेल तर मात्र दाखवा.

परवा सातव्या महिन्यातली एक आली. पेशी १३,४००, ताप नाही. लघवीत पस सेल २०-२५, म्हणून डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी, सांगितलं. ‘ताई, फौज आहे की, मग कशाला?’ तिसऱ्या दिवशी प्लेटवर इ. कोलायचे गुलाबी ठिपके दाट उगवले होते, तिला बोलावून ते दाखवले. कुठलं औषध चालेल तेही त्याच रिपोर्टात आलं.

कल्चर सांगितलं असेल तर सुरुवातीची धार सोडून मधली धरा, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी, आणि बाटली तासाभरात पोचवा. सकाळी भरून दुपारच्या एसटीने आणलेल्या बाटलीत जंतू वाटेतच वाढतात, मग पुन्हा हेलपाटा.