वायर मी सरळच ठेवली होती

इअरफोन पिशवीत टाकण्याआधी मी त्याची वायर बोटांवर गुंडाळतो, टोक आत खोचतो आणि वरून एक थापटीही मारतो. पिशवीचा प्रवास टेबलावरून खुर्चीवर, एवढाच. तरी तासाभराने तिच्यातून बाहेर येते ती वायर नसते, सात जन्मांचं वैर असतं.

बरं, हे उघडकीला येतं ते नेमका महत्त्वाचा फोन वाजताना. पलीकडे 'हॅलो, हॅलो' चाललेलं. एक टोक कसंबसं कानात, दुसरं गाठीत अडकून हनुवटीखाली लोंबतंय, आणि मी मान वाकडी करून 'हो सर, ऐकतोय' म्हणतोय.

घरच्यांचं निदान ठरलेलं आहे: 'तुला वस्तू नीट ठेवायची सवयच नाही.' यावर आता माझ्याकडे छापील उत्तर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका खोक्यात दोरी टाकून ते गरागरा फिरवलं. सेकंदाला एक, असे दहा फेरे. मग खोकं उघडून गाठ पडली का ते पाहायचं. हा उद्योग त्यांनी 3,415 वेळा केला आणि 2007 साली निष्कर्ष छापले. (मी केला असता तर मला डॉक्टरकडे नेलं असतं. त्यांना 2008 सालचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.) त्या दहा सेकंदांत पडलेल्या गाठी तब्बल 120 प्रकारच्या निघाल्या. लांब, लवचीक दोरी निम्म्या वेळा गाठ मारून मोकळी. 46 सेंटीमीटरपेक्षा आखूड दोरीला मात्र गाठ जवळजवळ पडतच नाही.

कारण साधं आहे. खोक्यात दोरीची वेटोळी होतात आणि हिसके बसले की मोकळं टोक त्यांच्या कधी वरून, कधी खालून वेणी घालत जातं. गुंतायच्या वाटा ढीगभर. आल्या वाटेने बिनचूक मागे फिरायची वाट एकच. म्हणजे दोष माझ्या वळणात नाही, वायरच्या लांबीत आहे. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. उत्तर आलं, 'मग आखूड घे.' 46 सेंटीमीटरची वायर घेतली तर फोन गळ्यात बांधून हिंडावं लागेल!

त्यातून मदतीला धावणारे. 'दे इकडे' म्हणत वायर हिसकावतात आणि दोन्ही टोकं धरून ओढतात. तोवर सैल असलेली गाठ त्या एका ओढीत दगड होते. मग मी टाचणी घेऊन बसतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे जिथे एका वायरीच्या दोन होतात तो फाटा. तिथे पडलेली गाठ एका बाजूने सोडवली की दुसऱ्या बाजूने आवळते.

अलेक्झांडरचं बरं होतं. इ.स.पू. 333 मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या गॉर्डियमला त्याच्यापुढे अशीच न सुटणारी गाठ आली आणि त्याने तलवार काढली, असं सांगतात. अर्थात अ‍ॅरिस्टोब्युलस हा त्याच्याच सैन्याबरोबरचा माणूस म्हणतो की त्याने गाठ धरून ठेवणारी खुंटी नुसती उपसली आणि गाठ आपोआप मोकळी झाली. मला हीच हकिकत पटते. घाई असलेला माणूस आधी खुंटी शोधतो. माझ्या वायरीला खुंटी नाही, आणि तलवार चालवली तर गाणी बंद.

भौतिकशास्त्रज्ञ विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले ते, 1867 साली म्हणाले की अणू म्हणजे ईथरमधल्या (सगळीकडे भरलंय असं तेव्हा मानत त्या अदृश्य माध्यमातल्या) गाठीच असाव्यात. त्यांचे मित्र पीटर टेट यांनी मग गाठींचे तक्ते करण्यात वर्षं घातली. पुढे ईथरच बाद झालं. तक्ते गणितवाल्यांच्या कामी आले.

आपल्या एकेका पेशीत साधारण दोन मीटर डीएनए असतो, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असलेल्या केंद्रकात कोंबलेला. माझ्या पिशवीपेक्षा भयंकर प्रकार. तिथे गुंता सोडवायला टोपोआयसोमरेज नावाची विकरं (एन्झाइम) कामाला असतात: डीएनए कापायचा, फटीतून दुसरा धागा पलीकडे न्यायचा, कापलेलं पुन्हा सांधायचं. हे झालं नाही तर पेशीचं विभाजनच अडतं. कर्करोगावरची काही औषधं नेमकं हेच काम बंद पाडतात.

हेही मी घरी सांगितलं. 'पेशीपेशीला जमतं,' घरचे म्हणाले, 'मग तुलाच काय धाड भरलीय?'